राजकन्येला घाई नाही

माझ्या कादंबरीची ७१ पानं लिहून झाली आहेत आणि हीरो-हीरॉइन अजून एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात. हात हातात घेणं वगैरे तर सोडाच, त्याचं नाव काय हेसुद्धा तिला नवव्या प्रकरणात कळणार आहे. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘अगं, मग लोक वाचतील कशाला?’

बॉस, हाच तर फंडा आहे! याला म्हणतात स्लो-बर्न. मंद आचेवरचं प्रेम. बासुंदीसारखं. गॅस मोठा केला की खाली लागलंच म्हणून समजा.

मी मूळची नांदेडची, नोकरी लातूरला. मेडिकल एन्ट्रन्सच्या एका क्लाससाठी बायॉलॉजीच्या प्रश्नपत्रिका काढते. सोमवारी पहाटे लालपरी पकडायची, शनिवारी दुपारी परत. लोहा, अहमदपूर, चाकूर. तीन-साडेतीन तास. एवढ्या वेळात माणूस एक तर झोपतो, नाही तर मोबाइल बघतो, नाही तर माझ्यासारखा बिघडतो. मला बिघडवलं पुण्याच्या एका मैत्रिणीनं दिलेल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकानं. अहमदपूरला सगळी गाडी चहाला उतरली, मी मात्र सीटवरच. कारण पान ३०० च्या पुढं गेले होते आणि त्या दोघांनी आत्ता कुठं एकमेकांकडे नीट बघितलं होतं!

या प्रकाराला हल्ली रोमँटसी म्हणतात. रोमान्स अधिक फँटसी. सारा जे. मास या अमेरिकन लेखिकेची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही मालिका २०१५ मध्ये सुरू झाली, रेबेका यारोसचं ‘फोर्थ विंग’ २०२३ मध्ये आलं, आणि जगभरच्या पोरी राजवाडे, शाप, ड्रॅगन यांच्यामागे वेड्या झाल्या. तशी मीही झाले. मग वाटलं, हे मराठीत का नसावं? आपणच लिहू या की! तीन भागांची मालिका. दोनशे पानी वही आणली, पहिल्याच पानावर ड्रॅगन उतरवला. पण तो काही केल्या बसेना. बर्फानं झाकलेला किल्लाही जमेना. जन्मात मी बर्फ बघितलाय तो रसवंतीवरचा.

मग शोधायला लागले, मराठीत असं कुणी केलंय का. केलंय की! आणि तेही केव्हा, तर मराठी कादंबरी पाळण्यात होती तेव्हा. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं. त्यात विधवांची दुःखं आहेत, एकदम गंभीर मामला. पण त्यापाठोपाठ लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली (१८६१), नारो सदाशिव रिसबुड यांची ‘मंजुघोषा’ आली (१८६८), आणि वाचक राजपुत्र-राजकन्यांत रमून गेले. ‘मंजुघोषे’त तर चक्क विमान आहे. राइट बंधूंच्या ३५ वर्षं आधी! पुढं १८८५ मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ आली आणि आपली कादंबरी मध्यमवर्गीय माजघरात शिरली ती शिरलीच. राजकन्येची रवानगी बालवाङ्मयात झाली. माझ्या पिढीला ती भेटली ‘चांदोबा’त, आणि आता तोही बंद पडलाय.

पण या जुन्या अद्भुतरम्य मंडळींत एक लोच्या आहे. प्रेम बसतं ते पहिल्या नजरेत. कधी कधी तर नुसतं चित्र बघून! त्यानं तिला पाहिलं, तो मूर्च्छित. तिनं त्याला पाहिलं, ती रोमांचित. झालं. मग उरलेली दोनशे पानं काय करायचं? कुणी तरी तिला पळवतं, तो वनात भटकतो, वादळ, शाप, कपटी प्रधान. उशीर होतो तो बाहेरच्या लोकांमुळे. त्या दोघांना एकमेकांविषयी नवं काही कळतच नाही. हे स्लो-बर्न नव्हे, ही लेट झालेली गाडी.

मला हवी होती तशी गोष्ट सापडली ती अगदी भलत्या ठिकाणी. धम्मपदावरच्या पाली अट्ठकथेत, म्हणजे साधारण दीड हजार वर्षांपूर्वीच्या टीकेत. कौशांबीचा राजा उदयन (पालीत उदेन) याच्याकडे हत्ती वश करायचा मंत्र असतो. उज्जैनीच्या चंडप्रद्योताला तो मंत्र पाहिजे. तो लाकडाचा यांत्रिक हत्ती बनवतो, पोटात माणसं दडवतो आणि उदयनाला पकडतो. उदयन म्हणतो, मंत्र शिकवतो, पण गुरू म्हणून आधी नमस्कार कर. राजा कसला वाकतोय! तो पोरीला पुढं करतो. पण तरणाताठा राजा आणि लाडकी लेक समोरासमोर बसवायची कशी? मग मध्ये पडदा. मुलीला सांगितलं, पलीकडे कुष्ठरोगी बसलाय. उदयनाला सांगितलं, पलीकडे एक कुबडी बाई आहे. आणि क्लास सुरू!

पोरीला मंत्र काही केल्या जमेना. एक दिवस मास्तरांचं डोकं फिरलं. ‘अगं कुबडे, एवढं साधं म्हणता येईना?’ ती पण राजाची पोर. ‘कुबडी कुणाला म्हणतोस रे कुष्ठरोग्या?’ आणि पडदा वर. पुढं अट्ठकथा सांगते, की त्या दिवसानंतर मंत्राचा अभ्यास काही झाला नाही.

जाम हसले मी. ‘एनिमीज टू लव्हर्स’ म्हणून आज जे विकलं जातं ते हेच की! पण हसून झाल्यावर लक्षात राहिला तो पडदा. दिसणं, घराणं, राज्य, सगळं पलीकडे झाकलेलं. इकडे फक्त आवाज, चिडचिड आणि रोजचा तास. ते दोघं एकमेकांना ओळखतात ते चिडका मास्तर आणि हट्टी विद्यार्थिनी म्हणून. बाकीचं नंतर.

हे वाचत होते त्याच आठवड्यात मला बघायला आले. नांदेडला, आमच्या घरी. मुलगा बँकेत. कार्यक्रम एकूण २५ मिनिटं. त्यातली १० पोह्यांची, आठ ओळखी काढण्याची (‘म्हणजे तुम्ही मुखेडच्या त्यांचे कोण?’) आणि उरलेली सात आम्हा दोघांना गच्चीवर. सात मिनिटांत मी त्याला बदलीचं विचारलं, त्यानं मला बसच्या वेळा विचारल्या. स्वयंपाक येतो का, हे विचारलं नाही, ही जमेची बाजू. निघताना त्याचे काका म्हणाले, ‘आठ दिवसांत कळवा.’

आठ दिवस! अहो, आठ दिवसांत माझं एक प्रकरण होत नाही.

मी आईला सांगितलं, मला तीन महिने पाहिजेत. दर शनिवारी भेटू, मग सांगते. आई भाजी निवडत होती. ‘तीन महिन्यांत सोयाबीन पेरून, काढून, विकून व्हायलंय बाई. तुला एक माणूस बघायला तेवढा वेळ कामून लागायलाय?’ बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मावशीचा लातूरहून फोन आला, की मुलीकडच्यांनी वेळ मागितला तर लोक काय समजतात, हे तुला सांगायला पाहिजे का? आणि मावशीचं चूक नव्हतं. आमच्याकडे वेळ मागणं म्हणजे स्थळ हातचं घालवणं. मी ३० ची होतेय. पुढचं स्थळ यापेक्षा बरं येईल, याची हमी कुठल्याच मंत्रात नाही.

माझा हट्ट प्रेमविवाहाचाही नव्हता. ते ज्यांना जमतं त्यांना जमतं. मला फक्त एवढा वेळ हवा होता, की ‘नाही’ म्हणावंसं वाटलं तर ते का, हे मला कळेल. आणि ‘हो’ म्हटलं तर ते आठव्या दिवसाच्या भीतीनं म्हटलेलं नसेल.

चौथ्या दिवशी त्याचाच फोन. ‘तुमचा निरोप मिळाला. तीन महिने म्हणजे बारा शनिवार का तेरा?’

मी म्हटलं, ‘तेरा.’

‘चालतंय. मलापण वेळ पाहिजेच होता. पण मुलाकडून मागितला की लोकांना वाटतं, देण्याघेण्याचं वाढवून बसायलेत.’

दोन्हीकडचे मोठे फुगून बसलेत. काकांनी दुसरीकडे बघायला सुरुवात केलीये, असंही कानावर आलंय. आतापर्यंत चार शनिवार झाले. त्याला चहा आवडत नाही, हे तिसऱ्या शनिवारी कळलं. आधीचे दोन शनिवार तो निमूट पीत होता. का पीत होतास, विचारलं तर म्हणाला, ‘तुम्ही मागवला होता ना.’ यावर खूश व्हायचं का वैतागायचं, हे माझं अजून ठरलेलं नाही. पुढचं मलाही माहीत नाही. तेव्हा विषय बदलते.

तर कादंबरी. ड्रॅगन कटाप झाल्यावर प्रश्न आला, की राज्य कुठलं आणि जादू कुठली? राज्य बसच्या रस्त्यावरच सापडलं. लोह्यावरून आत वळलं की कंधार. राष्ट्रकूटांच्या काळातलं गाव. भुईकोट किल्ला, भोवती खंदक, जवळच जगत्तुंग सागर नावाचा तलाव. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचं बिरुद. आणि लातूरचं तर विचारूच नका. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घ्यायचे. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर! एवढं लांब नाव आधार कार्डावर मावायचं नाही, पण कादंबरीत झकास बसतं. लातूर म्हटलं की लोकांना फक्त ‘पॅटर्न’ आठवतो. इथं राजांना मिरवावंसं वाटेल असं नाव होतं, हे आमच्या क्लासच्या पोरांना कुणी सांगत नाही. परीक्षेला येत नाही ना.

जादू ठरवायला मात्र वेळ लागला नाही. आमच्या भागात जादू एकच. पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. मी तेव्हा लातूरला शिकत होते. घागरी घेऊन पाचपेक्षा जास्त माणसांनी उभं राहायचं नाही, असा सरकारी हुकूम! हे कुठल्या इंग्रजी फँटसीत वाचलं असतं, तर म्हटलं असतं, काय कल्पनाशक्ती आहे.

म्हणून माझा हीरो राजपुत्र नाही. तो पाणाड्या आहे. बोअर मारायच्या आधी गावोगाव अजून बोलावतात ना, हातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरणारा, तोच. नारळ उभा राहिला की खाली पाणी. विज्ञान हे मानत नाही आणि बायॉलॉजीवाली म्हणून मीही मानत नाही. पण कादंबरीत त्याचा नारळ खरंच उभा राहतो. राजकन्या आहे राज्याची वारस. पाण्याची भांडणं मिटवणं हे तिचं काम, आणि पाणाडे लोक ठग असतात हे तिचं ठाम मत. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी दोघांना राज्यभर एकत्र फिरावं लागतं.

जादूला किंमत हवीच, नाही तर ती फुकटची सरकारी योजना होते. मी नियम केला, की ज्या जागी तो पाणी दाखवेल, तिथलं पाणी त्याला पिता येत नाही. प्यायला की ती विहीर आटते. म्हणजे सगळ्या राज्याची तहान भागवत फिरणारा हा माणूस स्वतः कायम तहानलेला. आणि हे तो कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर लोक त्याला गावातच उभं करणार नाहीत.

आता बघा, मंद आच कशी लागते ती. दुसऱ्या प्रकरणात विहिरीला पाणी लागतं, सगळे नाचतात, तो बाजूला उभा. तिला वाटतं, माज आहे. चौथ्यात पुन्हा तेच. सहाव्यात ती त्याचे ओठ बघते, फुटलेले. सातव्यात ती मोजायला लागते, की हा पाणी पितो तरी कधी? आणि अकराव्यात ती काहीही न बोलता, आधीच्या मुक्कामाच्या आडातून भरून आणलेला एक तांब्या त्याच्या उशाशी ठेवते. बस्स. मिठी नाही, कविता नाही. एक तांब्या. वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब ठेवलाय, कुणाला काय कधी कळतं याचा. प्रत्येक प्रकरणात एकाला तरी दुसऱ्याविषयी एक गोष्ट कळलीच पाहिजे, नाही तर ते प्रकरण रद्द. नुसतं ताणत नेलं तर ती डेली सोप होते.

पहिली तीन प्रकरणं पुण्याच्या मैत्रिणीला पाठवली. तिला गोष्ट आवडली, पण एक शंका होती. माझा पाणाड्या म्हणतो, ‘इथं पाणी नाही लागायचं बाईसाहेब, तुमी उगंच खणायलाव.’ यावर राजकन्या म्हणते, ‘मग तुमी कामून थांबलाव?’ मैत्रीण म्हणाली, ‘त्याचं ठीक आहे गं, पण राजकन्या असं बोलते का?’

का नाही बोलणार? खरं तर राष्ट्रकूटांच्या दरबारात कन्नडचा मान मोठा. ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला जुना ग्रंथ अमोघवर्षाच्याच काळातला. म्हणजे लट्टलूरची खरी राजकन्या बहुधा कन्नडमध्येच भांडली असती. पण माझी राजकन्या माझ्या आईसारखी बोलते. तिच्या तोंडी ‘आपण का बरे थांबलात’ घातलं की ती एकदम नाटकातली वाटायला लागते. ‘कामून’ म्हणाली की माणसात येते.

या भाषेच्या भानगडीवरून मला गुणाढ्य आठवतो. उदयन-वासवदत्तेचा मुलगा नरवाहनदत्त, त्याची प्रचंड मोठी कथा ज्यानं लिहिली तो. ‘कथासरित्सागरा’च्या सुरुवातीलाच त्याची गोष्ट आहे. गुणाढ्य जन्मला प्रतिष्ठान देशात, म्हणजे आपल्या पैठणच्या मुलखात. पैठणचीच गोदावरी पुढं आमच्या नांदेडच्या गोवर्धन घाटाला लागते, त्यामुळे तो मला वरच्या आळीतला वाटतो. तो सातवाहन राजाचा मंत्री. एकदा जलक्रीडेत राणी म्हणाली, ‘मोदकैः’, म्हणजे ‘मा उदकैः’, पाणी उडवू नका. राजाला संस्कृत येईना, त्यानं मोदक मागवले! राणी हसली. राजानं अंथरूण धरलं. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. शर्ववर्मा नावाचा दुसरा मंत्री म्हणाला, सहा महिन्यांत. (क्रॅश कोर्सवाले तेव्हाही होते.) गुणाढ्यानं पैज लावली, की तुला जमलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. आणि हरला.

मग तो विंध्याच्या रानात गेला आणि पैशाचीत, पिशाचांची म्हणून हिणवलेल्या भाषेत, सात वर्षं लिहीत बसला. शाई नव्हती, तर स्वतःच्या रक्तानं. सात लाख श्लोक. शिष्यांनी तो ग्रंथ राजाकडे नेला. राजा म्हणाला, ही भाषा? हे रक्त? न्या परत. तेव्हा गुणाढ्यानं रानात आग पेटवली आणि एकेक पान वाचून त्यात टाकू लागला. ऐकायला हरणं, डुकरं, पक्षी जमले. ऐकता ऐकता चरायचं विसरले. इकडे राजाच्या ताटातलं मांस सुकट यायला लागलं, राजा आजारी पडला. चौकशी केली तेव्हा कारण कळलं आणि तो धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. वाचलेला एक लाख म्हणजे नरवाहनदत्ताची कथा. राजपुत्र, आकाशात उडणारे विद्याधर, मंत्रविद्या, हरवलेली प्रिया, सगळं आहे. ती ‘बृहत्कथा’ही आज उरलेली नाही, ११ व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं राणी सूर्यवतीसाठी संस्कृतात रचलेला ‘कथासरित्सागर’ आपल्याकडे आहे. १८ लंबक, १२४ तरंग. माझे तीन भाग म्हणजे किस झाड की पत्ती!

मला त्या गोष्टीत राजापेक्षा हरणांचं जास्त कौतुक. त्यांनी भाषा कुठली, असं विचारलं नाही.

लातूरला मी राहते त्या बिल्डिंगमध्ये वरच्या दोन मजल्यांवर मुली आहेत. हिंगोली, बीड, धाराशिव, परभणी. सतरा-अठरा वर्षांच्या. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स. दोघी रिपीटर. एका मंगळवारी लाइट गेली, सगळ्या गच्चीवर आल्या आणि करमेना म्हणून मी टॉर्चच्या उजेडात पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. आता दर मंगळवारी वाचते, लाइट असली तरी. अर्धा तास, जेवणाच्या आधी. पालकांना कळलं तर माझी काही खैर नाही.

गेल्या मंगळवारी सहावं झालं, फुटलेल्या ओठांचं. हिंगोलीची मुलगी चिडली. ‘ताई, तो सांगत का नाही की मला तहान लागलीये म्हणून? एवढं काय?’ रिपीटर पोरगी गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली होती. ती म्हणाली, ‘सांगितलं तर सगळे म्हणतील, तुला जमत नसलं तर सोडून दे. म्हणून नाही सांगत.’ कुणीच काही बोललं नाही. मग बीडवाली म्हणाली, की त्याला जाऊ दे, राजकन्येला दिसायला पाहिजे ना, तिला काय डोळे नाहीत का? आणि पुन्हा सगळ्या एकदम भांडायला लागल्या.

खालून मेसच्या मावशींचा आवाज आला. ‘पोळ्या गार व्हायल्यात गं! मंगळवारीच कामून उशीर करता तुमी?’ कुणी हललं नाही. पाच मिनिटांनी मावशी स्वतःच जिना चढून वर आल्या, हाताला पीठ तसंच. आता बोलणार म्हणून मी वही मिटली. त्या दाराला टेकून जरा दम खात उभ्या राहिल्या, एकदा पोरींकडे बघितलं, एकदा वहीकडे.

‘मागच्या खेपेला जिन्यात थांबून ऐकलंय मी,’ त्या म्हणाल्या. ‘मग? तिनं नेलं का न्हाई पाणी त्याला?’